डोंगळ्याचे पीक, मधमाशांचा समाज आणि फवारणीचे विष

कांद्याचे उळे धरण्यासाठी लावलेल्या डोंगळ्याला पौष-माघात गोंडे फुटू लागतात. त्याच सुमारास निफाड तालुक्यातील द्राक्षबागांत मणी भरत असतात, आणि भुरी, फुलकिडे व पिठ्या ढेकूण यांच्यासाठी फवारणीची यंत्रे सकाळ-संध्याकाळ फिरत असतात. पिंपळगाव बसवंत, ओझर, लासलगाव, चांदोरी ह्या भागांत द्राक्षाची बाग आणि डोंगळ्याचे वावर यांच्यामध्ये पुष्कळदा एका बांधाचेच अंतर असते. एका पिकाच्या संरक्षणासाठी केलेली फवारणी शेजारच्या पिकाचे बी धरू देत नाही, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. ती कितपत खरी आहे आणि खरी असल्यास असे का घडते, हे समजून घेण्यासाठी प्रथम मधमाशीचा विचार केला पाहिजे.

द्राक्षाला मधमाशीची गरज नाही. त्याच्या एकाच फुलात नर व मादी असे दोन्ही भाग असतात व फलधारणा त्याच फुलातील परागाने होते. कांद्याचे तसे नाही. कांद्याच्या प्रत्येक फुलात परागकोश आधी फुटतात आणि स्त्रीकेसर मागाहून पराग घेण्यास योग्य होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग त्याच फुलाच्या उपयोगी पडत नाही, तो दुसऱ्या फुलावरून यावा लागतो. कांद्याचा पराग चिकट असल्याने तो वाऱ्याने फारसा उडत नाही. कोणीतरी तो वाहून आणलाच पाहिजे, आणि हे काम मुख्यतः मधमाशा करतात. फूल चांगले फळले तर त्यात जास्तीत जास्त सहा बिया धरतात. मधमाशा फिरकल्या नाहीत तर गोंडा बाहेरून भरलेला व तजेलदार दिसतो, परंतु मळणीच्या वेळी हाती पोचट बी आणि भुसा येतो. नाशिक जिल्ह्यातील स्थानिक वाणांतून निवडलेली एन-५३ व एन-२-४-१ सारखी वाणे असोत, की शेतकऱ्याने घरीच राखलेले उळे असो, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे.

डोंगळ्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कांद्याच्या मधुरसात पालाशाचे प्रमाण इतर अनेक फुलांच्या मानाने अधिक असते आणि मधमाशांना तो रस विशेष आवडत नाही. जवळपास अधिक रुचकर फुले असली तर त्या तिकडे वळतात. म्हणून डोंगळ्यावर माशा भरपूर याव्यात असे वाटत असेल, तर परिसरातील मोहोळे सशक्त असली पाहिजेत व त्यांचा आपापसातील कारभार सुरळीत चालला पाहिजे. विष पहिला घाला घालते ते ह्या कारभारावरच.

मोहोळातील कामाची वाटणी

महाराष्ट्रात आग्या, सातेरी व फुलोरी ह्या मधमाशा मूळच्या आहेत. शिवाय पेटीत पाळण्यासाठी आणलेली मेलिफेरा ही युरोपीय जात आहे, आणि डंख नसलेली बारीक माशीही काही ठिकाणी भिंतींच्या भेगांत व झाडांच्या ढोलीत आढळते. आग्या माशी वड, पिंपळ, पाण्याच्या टाक्या ह्यांवर एकच मोठे उघडे पोळे बांधते आणि फुलोऱ्याच्या हंगामानुसार स्थलांतर करते. सातेरी व मेलिफेरा अंधाऱ्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधतात, म्हणूनच त्या पेटीत राहू शकतात.

मोहोळ म्हणजे नुसता माशांचा थवा नव्हे. त्यात एक राणी असते, हंगामात काही शे नर असतात आणि बाकी सर्व कामकरी माशा असतात. कामकरी माशीचे काम तिच्या वयाप्रमाणे बदलत जाते. जन्मल्यानंतर पहिले काही दिवस ती घरटी साफ करते. पुढे सुमारे आठवडाभर पिलाव्याला भरवते. मग मेण पाझरून पोळे बांधणे, आलेला मधुरस साठवणे, दारावर पहारा देणे ही कामे तिच्याकडे येतात. साधारण तीन आठवड्यांनंतर ती बाहेर पडून मध व पराग गोळा करू लागते. बाहेरच्या माशा नेमाने परत येत असतील तरच घरातील माशांना घरात राहून पिलावा वाढवता येतो. बाहेरच्या माशा मोठ्या संख्येने नाहीशा झाल्या, तर कोवळ्या माशांना वेळेआधीच बाहेर पडावे लागते. त्या फार दिवस जगत नाहीत व त्यांच्या फेऱ्याही कमी होतात. इकडे पिलाव्याला भरवणारे हात कमी पडतात. दारात मेलेल्या माशांचा खच न दिसताही काही आठवड्यांत भरले मोहोळ रिकामे होते, ते ह्याच क्रमाने.

चांगला फुलोरा सापडलेली माशी घरी येऊन नाचते, ही गोष्ट आता शाळेतील मुलेही शिकतात. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी ह्या नाचाचा अर्थ लावला व १९७३ साली त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. उभ्या पोळ्यावर माशी अंग थरथरवत सरळ चालते, वळून पुन्हा मागे येते आणि पुन्हा तीच रेघ चालते. ती रेघ उभ्या दिशेशी जितका कोन करते, तितक्याच कोनात सूर्यापासून बाजूला फुले असतात. थरथरत चालण्याचा वेळ जितका जास्त, तितके अंतर जास्त. मेलिफेरा जातीत सुमारे एक सेकंद थरथर म्हणजे ढोबळ मानाने एक किलोमीटर. फुलोरी माशी पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते, त्यामुळे तिची रेघ थेट फुलांकडेच रोखलेली असते. आग्या माशी चांदण्या रात्रीसुद्धा बाहेर पडते.

एका माशीने दिलेली ही बातमी पुढे शेकडो माशांच्या फेऱ्या घडवून आणते. डोंगळ्याच्या वावरात सकाळी दहाच्या सुमारास एकाएकी गुणगुण वाढते, ती ह्या नाचामुळे.

विष नेमके कोठे लागते

मधमाशीवरील विषाचा परिणाम पाहताना बहुतेकांची नजर मेलेल्या माशांकडे जाते. प्रत्यक्षात मरणाच्या मात्रेहून पुष्कळ कमी मात्रेतही माशीचे वर्तन बिघडते, आणि समाज करून राहणाऱ्या प्राण्यात हे बिघाड अधिक महाग पडतात. एकटा राहणारा कीटक वाट चुकला तर एकच कीटक जातो. नाचणारी माशी चुकली तर तिच्या मागे जाणाऱ्या सर्व माशांची फेरी फुकट जाते. नाचातील कोनात १५ अंशांची चूक झाली, तर एक किलोमीटरवरच्या फुलांऐवजी माशा सुमारे अडीचशे मीटर बाजूला पोहोचतात. निफाडच्या लहान वावरांच्या मानाने हे अंतर म्हणजे दुसऱ्याचेच शेत.

ही शंका नवी नाही. पॅराथिऑन ह्या जुन्या विषाची न मारणारी मात्रा पाजलेल्या माशा नाचात चुका करतात, असे अमेरिकेत श्रिकर व स्टीफन यांनी १९७० मध्येच दाखविले होते. पुढे निओनिकोटिनॉइड वर्गातील विषे आली. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, क्लोथियानिडिन ही ह्या वर्गातील प्रमुख नावे होत. तंबाखूतील निकोटिनप्रमाणे ही द्रव्ये कीटकाच्या मज्जातंतूंतील निरोप पोहोचण्याच्या जागी जाऊन बसतात. माशीच्या मेंदूत वास ओळखणे, वाट लक्षात ठेवणे व शिकणे ह्यांसाठी हीच जागा वापरली जाते. ही द्रव्ये आंतरप्रवाही आहेत. पानावर मारली, मुळाशी ओतली किंवा बियाण्याला चोळली, तरी ती रसातून सर्व झाडात जातात आणि मधुरसात व परागातही उतरतात. फवारा वाळला म्हणजे धोका संपला, हा समज ह्या वर्गाला लागू नाही.

२०१२ मध्ये फ्रान्समध्ये एका संशोधक गटाने माशांच्या पाठीवर बारीक इलेक्ट्रॉनिक खुणा चिकटवून त्यांना थायामेथोक्झामची अल्प मात्रा दिली व दूर सोडले. विष न दिलेल्या माशांच्या मानाने ह्या माशा घरी परतण्यास अधिक प्रमाणात चुकल्या. त्याच वर्षी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे इमिडाक्लोप्रिड दिलेल्या माशा पुष्कळ कमी नाचल्या, आणि फिक्या साखरपाण्याला तोंड लावीनाशा झाल्या. थोडे गोड मिळाले तरी ते घरी आणून इतरांना सांगण्याची वृत्तीच मंदावली होती. मुळातच नावडत्या फुलांवर, म्हणजे डोंगळ्यावर, माशा टिकून राहाव्यात अशी अपेक्षा असणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

सर्वांत बोलका प्रयोग २०१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील गटाने केला. थंड देशांतील केसाळ बंबल माशांच्या वसाहतीतील प्रत्येक माशीच्या पाठीवर खूण लावून कॅमेऱ्याने रात्रंदिवस नोंद ठेवण्यात आली. इमिडाक्लोप्रिड मिळालेल्या माशा, विशेषतः रात्री, सुस्त पडून राहू लागल्या. त्या पिलाव्यापासून दूर, घरट्याच्या कडेला बसू लागल्या आणि त्यांनी पिले भरवणे कमी केले. थंडी वाढल्यावर निरोगी वसाहतींनी पिलाव्यावर मेणाचे आच्छादन घातले, विष मिळालेल्या वसाहतींना ते नीट जमले नाही. सातेरी किंवा मेलिफेराच्या पेटीत अगदी हेच घडते असे ह्यावरून म्हणता येणार नाही, कारण त्यांची घरे व सवयी वेगळ्या आहेत. तथापि त्यांनाही पिलावा सुमारे ३४ ते ३५ अंशांवर ठेवावा लागतो व ते काम माशांनी एकत्र जमूनच होते. निफाडचा पारा जानेवारीत कित्येक वर्षी ५ अंशांच्या खाली जातो. डोंगळा फुलण्याच्या वेळीच मोहोळाची ऊब राखण्याची परीक्षा असते, हे येथे विसरता येत नाही.

युरोपीय संघाने २०१३ मध्ये ह्या वर्गातील तीन विषांचा मधमाशांना आकर्षक अशा पिकांवरील वापर मर्यादित केला व २०१८ मध्ये उघड्या शेतातील वापर बंद केला. भारतात ही द्रव्ये नोंदणीकृत असून अनेक पिकांवर वापरली जातात. म्हणून येथे जबाबदारी फवारणाऱ्याच्या वेळेवर व विवेकावर येऊन पडते.

बुरशीनाशक निरुपद्रवी असते काय?

द्राक्ष बागायतदार पुष्कळदा म्हणतात की, आपण कीटकनाशक नव्हे, भुरीचे औषध मारीत आहोत, त्याने माशीला काय होणार? उत्तर अर्धे बरोबर आहे. भुरीसाठी वापरली जाणारी ट्रायाझोल गटातील बुरशीनाशके एकटी असताना माशीला फारशी विषारी नसतात. परंतु माशीच्या शरीरात विष मोडून काढणारी जी यंत्रणा असते, तिलाच ती अडवतात. मग त्यांच्या जोडीला आलेले सिंथेटिक पायरेथ्रॉइड किंवा काही निओनिकोटिनॉइड कित्येक पटींनी अधिक घातक ठरते. मजुरी व डिझेल वाचविण्यासाठी दोन-तीन द्रव्ये एकाच टाकीत मिसळण्याची जी रीत पडली आहे, तिचा हा छुपा खर्च होय, आणि तो बहुधा शेजाऱ्याच्या खात्यावर पडतो.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहून माशीच्या सुरक्षिततेविषयी निष्कर्ष काढणेही चुकीचे आहे. तांबडा, पिवळा, निळा व हिरवा हे रंग सस्तन प्राण्यांना व माणसांना असणाऱ्या धोक्यावरून ठरविलेले आहेत. हिरव्या त्रिकोणाचे द्रव्य मधमाशीला जहाल असू शकते. त्यासाठी डब्यासोबतच्या पत्रकातील बारीक अक्षरांतील सूचना वाचावी लागते. जे पत्रक बहुधा दुकानातच फेकून दिले जाते, त्यातच हे लिहिलेले असते. 'औषध' हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला आहे, त्यामुळेही सावधगिरी थोडी सैल होते.

हवा व पाणी

विष केवळ फवाऱ्यातूनच येते असे नाही. बंगलोर येथे आग्या माशांवर केलेला व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मराठी शेतकऱ्यालाही जवळचा आहे, कारण ती माशी आपलीच आहे. शहराच्या कमी-अधिक प्रदूषित भागांतून माशा पकडून त्यांची तुलना केली असता, प्रदूषित भागांतील माशा फुलांवर कमी येत होत्या. त्यांच्या अंगावर धुळीचे व धातूंचे कण होते, हृदयाचे ठोके अनियमित होते, आणि पकडून आणलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माशा २४ तासांत मेल्या. इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये असे आढळले की, डिझेलच्या धुरामुळे मोहरीवर्गीय फुलांच्या वासातील काही द्रव्ये नाहीशी होतात आणि शिकवलेली माशीसुद्धा तो वास ओळखत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेल्या वावरांत डोंगळा लावताना हे ध्यानात घ्यावे, आणि शक्य असल्यास बियाण्याचे वावर रस्त्यापासून आत निवडावे.

पाण्यातील जीवांची स्थितीही वेगळी नाही. स्वीडनमध्ये २०१३ साली, सांडपाण्यातून नदीत येणाऱ्या एका मनःशामक औषधाच्या अल्प मात्रेने पर्च जातीचे मासे अधिक धीट झाले व आपल्या थव्यात कमी राहू लागले, असे दिसले. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वरचा जलाशय २०१९ मध्ये रामसर यादीत दाखल झाला, व ती महाराष्ट्रातील पहिली रामसर जागा ठरली. नाशिक शहराचे पाणी गोदावरीने ह्याच बाजूला येते. फवारणीचा पंप व रिकामे डबे ओढ्यात धुऊ नयेत, ह्या सूचनेला येथे दुहेरी अर्थ आहे.

कार्यकर्त्याने काय पाहावे

बी कमी धरले की त्याचा दोष सरसकट फवारणीला देणे न्याय्य नाही. ढगाळ हवा, जांभळा करपा, फुलकिडे, हलके कांदे लावणे ह्या कारणांनीही बी कमी येते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने एक साधी परीक्षा करावी. वावराच्या मध्यभागी दहा गोंड्यांना दोरा बांधावा. फुले उमलत असतील त्या दिवसांत रोज सकाळी अकराच्या सुमारास तळहात एका गोंड्यावरून दुसऱ्या गोंड्यावर हलकेच फिरवावा. पीक काढताना हे दहा गोंडे व शेजारचे साधे दहा गोंडे वेगवेगळे चोळून बी मोजावे. हात फिरवलेल्या गोंड्यांत बी भरपूर व इतरांत कमी असेल, तर वावरात माशांची उणीव होती हे स्पष्ट होते. दोन्हींत सारखेच कमी असेल, तर कारण अन्यत्र शोधावे.

दुसरी नोंद माशांची ठेवावी. ऊन पडलेल्या दिवशी दहा ते अकराच्या दरम्यान एक चौरस मीटर जागेवर पाच मिनिटांत किती माशा आल्या हे मोजावे. शेजारी फवारणी होण्यापूर्वी व झाल्यानंतर दोन-तीन दिवस हीच मोजणी करून तारखेसह लिहून ठेवावी. अशी वही हाती असली म्हणजे शेजाऱ्याशी बोलणे सोपे जाते. तोंडी आरोपातून बांधावरचे भांडण तेवढे वाढते.

पेटी ठेवलेली असल्यास तिच्या दाराकडे लक्ष द्यावे. माशा जमिनीवर सरपटत असतील, एकाच जागी गोल फिरत असतील, सोंड बाहेर काढून पडल्या असतील, किंवा दारावरील पहारेकरी माशा आपल्याच घरच्या परतणाऱ्या माशांना अडवून त्यांच्याशी झुंजत असतील, तर विषबाधेची शंका घ्यावी. विष लागलेल्या माशीचा वास व चाल बदलते, त्यामुळे घरचे तिला ओळखत नाहीत. दारात काहीच दिसत नसताना पोळ्यावर पिलावा पुष्कळ व माशा विरळ असतील, तर बाहेर गेलेल्या माशा परतत नाहीत असे समजावे.

फवारणीचे तारतम्य

डोंगळ्यावरील फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे फुटण्यापूर्वीच पुरा करावा. फुले उमलल्यावर कीटकनाशक मारू नये, आंतरप्रवाही तर मुळीच नाही. आपल्याच वावरात भर फुलोऱ्यात फवारून पुन्हा द्राक्षवाल्याला बोल लावणारेही काही असतात, हे येथे सांगणे भाग आहे. द्राक्षबागेत फवारणी अटळ असेल तर ती सूर्यास्तानंतर, वारा पडलेला असताना करावी. ब्लोअरची हवा डोंगळ्याच्या बाजूच्या शेवटच्या ओळींत बंद ठेवून तेथे फवारा आतल्या बाजूस वळवावा. बागेतील तणाला फुले आली असल्यास ती फवारणीआधी कापून टाकावीत, कारण माशा वेलीपेक्षा तणावरच अधिक असतात. बुरशीनाशक व कीटकनाशक एकाच टाकीत मिसळू नयेत.

शेजाऱ्यास आदल्या दिवशी निरोप देणे हा जुना शेजारधर्म येथे शास्त्राइतकाच उपयोगी आहे. निरोप मिळाल्यास पेटीचे दार रात्री जाळीने बंद करून त्यावर ओले पोते टाकावे व आत हवा खेळती ठेवावी. एका दिवसाहून अधिक काळ पेटी बंद ठेवू नये, माशा गुदमरतात. अधिक दिवस धोका असेल तर पेटी रात्री तीन किलोमीटरहून दूर हलवावी. त्याहून जवळ हलविली तर माशा जुन्याच जागी परत येतात. पेटीजवळ पसरट भांड्यात खडे घालून स्वच्छ पाणी ठेवावे, म्हणजे माशा फवारणीच्या टाकीजवळ सांडलेले पाणी पिणार नाहीत.

एकरी साधारणतः दोन ते तीन पेट्या पुरतात. दहा टक्के फुले उमलल्यावर त्या आणाव्यात. आधी आणल्यास माशा दुसऱ्या फुलांची सवय लावून घेतात व मग डोंगळ्याकडे वळत नाहीत. पेटी हाताळण्याचे शिक्षण घ्यावयाचे असल्यास पुणे येथील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था (स्थापना १९६२) व महाबळेश्वर येथील मध संचालनालय येथे चौकशी करावी.

पेटी घेण्याची ऐपत नसलेल्यास परिसरातील आग्या मोहोळे हाच आधार असतो. रात्री मशालीने आग्या मोहोळ जाळून मध काढला, तर थोड्या मधापायी गावातील सर्व डोंगळ्यांचे परागीभवन गमावले जाते. मोहोळ वस्तीपासून दूर असल्यास त्याला हात लावू नये. ते स्थलांतर करणारे असल्याने हंगाम संपला की आपोआप उठते. पाण्याच्या टाकीवर किंवा शाळेजवळ असल्यास जाणत्या माणसाकडून, पिलाव्याचा भाग राखून, तेवढेच पोळे हलवावे.

गोंडे वाळून काळे बी दिसू लागले, की पेट्या डोंगळ्यातून काढून घ्याव्यात. त्या वेळी परिसरात बाभूळ, निंब किंवा उन्हाळी भाजीपाल्याचा फुलोरा कोठे आहे ते आधी पाहून ठेवावे, म्हणजे उपाशी माशा बेदाण्याच्या शेडकडे व फुटलेल्या द्राक्षांकडे वळणार नाहीत.